कारखान्यात कॅमेरा नेताना

सांगली-साताऱ्याकडच्या कारखान्यांत कामगारांचे फोटो काढताना जे उमगलं, ते या कामात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी लिहितो.

१. आधी चहा, मग कॅमेरा. विट्याच्या यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून काय विचारायचं ते बाहेर टपरीवर विचारावं. मालकाची परवानगी गेटपुरती. फोटोसाठी कामगारानं हो म्हणायला हवं.

२. फौंड्रीत ओतकाम चालू असताना फ्लॅश मारू नये. लेडल धरणाऱ्याचे डोळे क्षणभर दिपले, तर तापलेला रस पायावर येईल. उजेड त्या रसाचाच पुरतो. मात्र एक्स्पोजर चेहऱ्यावर धरावं. रस पांढराफटक आला तरी चालेल, माणूस काळा पडता कामा नये.

३. साखर कारखान्यात गेलेले बहुतेकजण उसाची गव्हाण आणि चिमणी टिपून परततात. मला विचाराल तर खरा फोटो पॅन हाउसमध्ये आहे. तिथं पॅनमन उकळत्या पाकाचा नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरतो.

‘काय बघताय, मामा?’

‘दाणा. सारखा धरलाय का ते.’

मीटर असले तरी तो पट्टी धरतोच. बोटांना पाक चिकटलेला, एक डोळा बारीक केलेला. ते कसब टिपायचं तर काच, दिवा आणि डोळा एकाच चौकटीत हवेत. त्यासाठी पाळी संपेपर्यंत उभं राहायची तयारी ठेवावी.

४. मांडून काढलेला फोटो खोटा, असं मी मानत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये छायाचित्रकार मॉरिस ब्रूमफिल्ड कारखान्यांत स्वतःचे दिवे लावून नाटकाच्या रंगमंचासारखी मांडणी करायचा. तरुणपणी तो रोल्स-रॉइसमध्ये लेथवर होता, त्यामुळे काम कुठं थांबवायचं हे त्याला कळत असे. आपणही दिवा हलवावा, पण कामगाराचा हात त्याच्या रोजच्या जागीच राहू द्यावा.

५. नाव लिहून घ्या. याबाबत मी हट्टी आहे. औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी उभी केली, हे शाळकरी पोरही सांगतं. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी लागला. पण किर्लोस्करांच्या नांगराचा फाळ ओतणारे, त्या कंदिलाची काच फुंकणारे कोण होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? प्रिंटच्या मागं पेन्सिलनं नाव, गाव, खातं आणि तारीख लिहावी. दुसरी प्रिंट त्याच आठवड्यात कामगाराच्या घरी पोचवावी. नाव चुकलं असेल तर घरचे तिथंच दुरुस्त करून देतात.