आठ चौदाची गाडी

सातारा
२२ जुलै

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आत्या, सकाळ कशी आवरायची ते सांग, या महिन्यात चार लेटमार्क झाले." तेव्हाच सांगितलं असतं, पण तू फोनवर 'हो, हो' म्हणतोस आणि त्याच वेळी दुसरंच काहीतरी बघत असतोस. म्हणून पत्र. ते वाचताना निदान डोळे तरी इकडे राहतील.

मी तुमच्याकडे आठ दिवस राहून गेले, तेव्हा तुझी सकाळ पाहिली आहे. मुद्दाम पाहिली नाही, पण हॉलमधल्या दिवाणावर झोपणाऱ्याला ती दिसतेच. गजर सहाचा. तो तू तीनदा दाबून गप्प केलास. उठलास पावणेसातला, आणि उठलास म्हणजे पलंगावर बसलास, हातात फोन. सात दहापर्यंत मुक्काम तिथेच. त्यानंतर मात्र घराला आग लागल्यासारखी पळापळ. मोजा एकच सापडतोय, शर्टाला इस्त्री नाही, पास कालच्या पँटच्या खिशात आणि पँट मशीनमध्ये. ऑफिसचं ओळखपत्र फ्रिजवर. (ते तिथे कसं गेलं, हे मला अजून उमगलेलं नाही.) आठ चौदाची फास्ट पकडायची, घरापासून फलाटापर्यंत पायी नऊ मिनिटं, आणि तू जिना उतरलास आठ वाजून सहा मिनिटांनी. हे गणित चौथीतल्या पोरालाही जमेल रे.

मी त्याच डोंबिवलीहून त्याच व्ही.टी.ला एकतीस वर्षं गेले. स्टेशनाचं नाव दोनदा बदललं, माझ्या तोंडातलं काही बदललं नाही, तेवढं चालवून घे. पन्नासेक किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं समजते.

सगळ्यात आधी ते पहाटे पाचला उठणाऱ्यांचे व्हिडिओ बंद कर. मी दोन-तीन पाहिले, तूच दाखवलेस. त्यात कोमट लिंबूपाणी आहे, ध्यान आहे, डायरी आहे, गार पाण्याची आंघोळ आहे. भाजी चिरताना कोणी दिसत नाही. पाण्याची मोटर लावताना, कचऱ्याची बादली बाहेर ठेवताना, दुधाची पिशवी फोडतानाही कोणी दिसत नाही. तू सकाळ सोपी करायला निघालास आणि तिच्यात आणखी चार कामं कोंबलीस. ध्यान वाईट नाही. पण ते रविवारी कर, नाहीतर गाडीत कर. ठाण्यापर्यंत डोळे मिटून उभं राहिलास तरी तुला कोणी हटकणार नाही. पडायलाही जागा नसते.

कपड्यांचं मी काय केलं होतं सांगते. वाराला एक साडी. सोमवारची करडी, मंगळवारची विटकरी, असं शनिवारपर्यंत. रविवारी सहाच्या सहा इस्त्री करून, ब्लाउज घडीत घालून, कपाटात वारांच्या क्रमाने. सकाळी कपाट उघडायचं आणि वरची उचलायची. विचार करायचाच नाही. आमच्या शाखेतल्या बायका चेष्टा करायच्या, "आज कोणता वार गं? मोरपंखी आहे म्हणजे गुरुवार." करेनात का. त्याच बायका रोज गाडीच्या दारात केसांना पिना लावत लटकलेल्या असायच्या. तुला तर पाच शर्ट आणि दोन पँटींचा प्रश्न. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे शनिवारी टाक, रविवारी आण. पावसाळ्यात एक जादा जोड ठेव, कारण वाळत घातलेला शर्ट सकाळी ओलाच निघतो आणि ओल्या शर्टावर इस्त्री फिरवण्यात तुझी दहा मिनिटं जातात. मी मोजली आहेत.

दाराजवळ एक खुंटी ठोक. किल्ली, ओळखपत्र, छत्री यांची जागा ती. पासाला बॅगेचा एकच कप्पा ठरव आणि पास तीन-तीन महिन्यांचा काढ. एकेक महिन्याचे तीन काढण्यापेक्षा थोडा स्वस्तही पडतो, आणि संपायची तारीख वर्षातून चारदाच लक्षात ठेवावी लागते. घरात शिरल्यावर चपला काढायच्या आधी या वस्तू आपापल्या जागी. आधी, नंतर नाही. एकदा आत येऊन पंख्याखाली बसलास की ओळखपत्र फ्रिजवर चढलंच म्हणून समज.

घड्याळ दहा मिनिटं पुढे लावण्याचा उद्योग करू नकोस. तुझ्या काकांनी तो केला होता. आठ दिवसांत घरातलं धाकटं पोरसुद्धा मनातल्या मनात दहा वजा करायला शिकलं. त्यापेक्षा आठ चौदा तुझी गाडीच नाही असं धर. तिच्या आधीची तुझी. ती चुकली तर आठ चौदा मिळते. पावसात गाड्या उशिराने धावतात तेव्हा नाही मिळणार, पण तेव्हा सगळी मुंबईच उशिरा पोचते आणि साहेबही तुझ्याच मागच्या डब्यात असतो.

नाश्त्याचं थोडक्यात. रोज नवीन पदार्थ लागतो ही सवय तुला वहिनीने लावली, त्याला मी काय करणार. दोन दिवस पोहे, दोन दिवस रात्रीच्या पोळ्यांची फोडणीची पोळी, एखाद दिवशी मेतकूट-भात. सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या आत होणारं. दूध संध्याकाळी आणून तापवून ठेव म्हणजे सकाळी शेगडीपुढे ते उतू जाण्याची वाट बघत उभं राहायला नको.

आता डब्याचं. खरं तर यासाठीच पत्र लिहायला बसले.

मुंबईत डबेवाल्यांचं काम साधारण १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं, हे तुला ठाऊक असेल. पण डबेवाला लागला कशाला, याचा कधी विचार केलास? माणूस सकाळी लवकर बाहेर पडतो, तेवढ्यात पूर्ण जेवण शिजून होत नाही. म्हणून त्याने रिकाम्या हाताने जायचं आणि डबा मागाहून जायचा. चोख व्यवस्था, जगभर कौतुक झालं. पण तिच्यात एक गोष्ट धरलेली होती, की डबा भरून दारात द्यायला घरी कोणीतरी आहे. त्या नवऱ्यांची सकाळ सुटसुटीत होती, कारण साडेनऊ-दहापर्यंत घरात दुसरं कोणी राबत होतं.

हे मी तुला ऐकवते आहे, पण माझी स्वतःची गोष्ट वेगळी नव्हती. नोकरीची पहिली सहा वर्षं मी आठला घराबाहेर पडायचे, शांतपणे, गजरा माळून. शाखेत सगळ्यांना सांगायचे, नीट ठरवलं की सगळं जमतं. मग एका मे महिन्यात सासूबाई पंधरा दिवस गावाला गेल्या. पहिल्या दिवशी कुकरला शिट्टी लावायला विसरले. दुसऱ्या दिवशी पाणी भरायचं राहिलं, तोंड धुवायलाही थेंब नाही. तिसऱ्या दिवशी एका पायात माझी आणि एका पायात नणंदेची चप्पल घालून दिव्यापर्यंत गेले, तिथे एका बाईने दाखवलं. चौथ्या दिवशी रजा टाकली. तेव्हा कळलं, सासूबाई चारला उठत होत्या. पाणी, चहा, कणीक, भाजी, मुलाचं दूध, सगळं त्यांनी उरकलेलं असायचं आणि मी सहाला उठून 'माझं सगळं कसं वेळेवर' असं म्हणत आयत्या ताटावर बसायचे. माझं ठरवणं म्हणजे साडीचा रंग.

आता तुमच्याकडचं. मी होते त्या आठ दिवसांत सूनबाई रोज पाच दहाला उठली. तिची गाडी आठ सव्वीसची, म्हणजे तुझ्यानंतरची. तू पावणेसातला उठून फोन बघत होतास तेव्हा तिची भाजी फोडणीला पडून झाली होती आणि ती पोळ्या लाटत होती. तू मोजा शोधत होतास तेव्हा तिने दोन डबे भरले. मोजाही तिनेच काढून दिला. तू गेल्यावर तिने उभ्याने चहा घेतला, गार झालेला. मला म्हणाली, "आत्या, यांना सकाळी फार धावपळ होते हो." मी काही बोलले नाही. पाहुण्याने बोलू नये. आता पाहुणी नाही, म्हणून बोलते.

तू विचारलंस, सकाळ हलकी कशी करू. तुझी हलकीच आहे. तुमच्या घराची जड आहे, आणि ती उचलायला एकच माणूस आहे. सकाळचं काम नाहीसं होत नसतं बंड्या. ते एक तर आदल्या रात्रीकडे सरकतं, नाहीतर दुसऱ्याच्या हातात जातं. दुसऱ्याच्या हातात ते पुष्कळ गेलं. तेव्हा रात्रीकडे काय सरकवता येतं ते बघ, आणि ते तू सरकव.

तू सातला घरी येतोस, ती साडेसातला. त्या अर्ध्या तासात उद्याची भाजी होते. स्टेशनबाहेर निवडलेली मेथी, सोललेले मटार, मोड आलेली मटकी सगळं मिळतं. आम्ही बायका संध्याकाळच्या गाडीत मांडीवर पेपर पसरून गवार मोडायचो, घाटकोपर ते मुंब्रा अर्धा किलो. तुमच्या डब्यात मी कधी कोणाला भाजी निवडताना पाहिलं नाही; पत्ते पाहिले. तू घरी कर. फ्लॉवर, फरसबी, गवार रात्री चिरून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलेली चालते. बटाटा काळा पडतो, तो पाण्यात ठेवावा लागेल. कांदा मात्र सकाळीच चीर, रात्रीच्या चिरलेल्या कांद्याचा वास दुधालाही लागतो. मटकी घरी करायची तर आज रात्री भिजव, उद्या सकाळी उपसून फडक्यात बांध, परवाच्या डब्याला मोड तयार.

कणीकही रात्री मळता येते. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजला ठेवलीस तर काळी कमी पडते. सकाळी पंधरा मिनिटं आधी बाहेर काढ, गार कणकेची पोळी फाटते. पोळ्या लाटणं तुला लगेच जमणार नाही, ते मी धरतच नाही. पण भाजी फोडणीला टाकणं, कुकर लावणं, डबे भरणं, दोघांच्या पाण्याच्या बाटल्या, ओटा पुसणं, यात न जमण्यासारखं काय आहे? ती लाटेल, तू भाज. उलटायची कधी ते तव्यावर फुगे आले की कळतं.

आणि आठवड्यातून दोन दिवस पोळ्या विकतच्या आणा. तुमच्या डोंबिवलीत वळणावळणावर पोळीभाजी केंद्रं आहेत, पुष्कळशी बायकांनीच चालवलेली. रात्री आणून ठेवल्यास सकाळी तव्यावर गरम करून डब्यात. माझ्या सासूबाई असत्या तर 'विकतच्या पोळीला चव नसते' म्हणाल्या असत्या. खरं आहे, थोडी कमीच असते. पण चारला उठून केलेल्या पोळीची चव मी एकतीस वर्षांत एकदाही त्यांना बोलून दाखवली नाही, तेव्हा चवीबद्दल आपण फार न बोललेलं बरं. वहिनीला याबद्दल काही सांगू नकोस. तिला कळलंच तर माझं नाव घे, मी बघून घेईन.

उठायचं सहाला, एकाच गजरावर. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, पलंगाजवळ नाही. गजराचं साधं घड्याळ मी इथून पाठवते आहे, काकांचं जुनं. त्याला वाजताना गप्प करायला उठून उभं राहावं लागतं. ते बरोबर वेळेवर लावलेलं आहे, पुढे-मागे करू नकोस.

सूनबाईला हे पत्र दाखवायचं की नाही, ते तू ठरव. दाखवलं नाहीस तरी चालेल, पण ती पाच दहाऐवजी सहाला उठायला लागली की मला कळव. लेटमार्कांचा हिशेब नाही कळवलास तरी चालेल.

मी गणपतीला येते आहे. कणीक तू मळलेली असू दे. पाणी एकदम ओतू नकोस, थोडंथोडं घाल. पहिल्यांदा सगळ्यांचीच सैल होते.

तुझी
आत्या