जिथे कॅमेरा पोहोचलाच नाही

प्रश्न : मानवी हक्कांच्या पायमल्लीवर छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात. पण माणूस मारला जातो तेव्हा तिथे छायाचित्रकार नसतोच. मग भिंतीवर लावतात तरी काय? आणि त्यानं काही फरक पडतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ढाक्याचे छायाचित्रकार शाहिदुल आलम यांच्यापुढे हाच पेच होता. बांगलादेशात २००४ साली ‘रॅब’ (रॅपिड ॲक्शन बटालियन) हे विशेष दल उभं राहिलं आणि त्याच्या ताब्यातले संशयित एकामागून एक मरू लागले. निवेदन बहुतेक वेळा ठरलेलं : लपवलेली हत्यारं शोधायला आरोपीला रात्री बाहेर नेलं, साथीदारांनी गोळीबार केला, त्यात तो सापडला. याला तिथे ‘क्रॉसफायर’ म्हणत; आपल्याकडच्या ‘एन्काउंटर’चा हा सख्खा भाऊ.

आलम यांनी मृतदेह दाखवले नाहीत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष घडलेली प्रकरणं अभ्यासली आणि त्यातल्या एकेका तपशिलावरून एकेक छायाचित्र घडवलं. उदाहरणार्थ, काळोखात उजळलेलं भाताचं शेत. छिन्नविच्छिन्न देह पाहून आपण हळहळतो आणि नजर वळवतो. या शेतासमोर मात्र माणूस रेंगाळतो. इथे कुणाला आणलं होतं? उजेड कुणी धरला होता? शेत आपल्याला दिसतं ते त्या उजेड धरणाऱ्याच्या जागेवरून, हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो. माझ्या मते या मांडणीची खरी ताकद तीच.

२२ मार्च २०१० रोजी आलम यांच्याच ‘दृक’ गॅलरीत प्रदर्शन उघडायचं होतं. पोलिसांनी दारच अडवलं. परवानगी नाही, हे कारण. उद्घाटनाला आलेल्या बंगाली लेखिका महाश्वेता देवींनी मग बाहेर रस्त्यावरच उद्घाटन केलं. ‘दृक’ उच्च न्यायालयात गेली, न्यायालयानं सरकारकडे खुलासा मागितला, आणि पोलिसांना वेढा उठवावा लागला. सरकारला भातशेताच्या चित्राची धास्ती वाटली, ती उगीच नव्हे.

अर्थात पुरावा समोर असेल तर तो दाखवावाच लागतो. १९०४ साली काँगोत ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी एका बापाचं छायाचित्र काढलं. रबराचा ठरलेला वाटा गावानं दिला नाही म्हणून त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला मारलं होतं, आणि तो तिचा तोडलेला हात नि पाऊल पाहत बसला होता. असली छायाचित्रं मॅजिक लँटर्न या काचचित्रं दाखवणाऱ्या यंत्रानं पडद्यावर ब्रिटनमधल्या सभांतून दाखवली गेली. पण नुसती दाखवली नाहीत. जोडीला भाषण असे, निषेधाचे ठराव होत, सरकारवर दबाव आणला जाई. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल होता, पत्रकार मोरेल यांची चळवळ होती. १९०८ साली बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाला काँगोवरची खासगी मालकी सोडावी लागली. एकट्या चित्रांनी हे झालं नसतं. चित्रांवाचून हे अत्याचार इतक्या घरांत पोहोचलेही नसते.

ढाक्यात मात्र निकाल इतका स्वच्छ लागला नाही. क्रॉसफायर थांबले नाहीत. २०१८ साली विद्यार्थी आंदोलनाबद्दल जाहीरपणे बोलल्यावर खुद्द आलम यांना अटक झाली आणि शंभराहून अधिक दिवस तुरुंगात काढावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेनं ‘रॅब’वर निर्बंध लादले. ते काही प्रदर्शनामुळे नव्हे. मेलेल्यांची नावं, तारखा, ठिकाणं वर्षानुवर्षं टिपून ठेवणाऱ्यांचं ते काम. आलम यांची छायाचित्रंही अशाच नोंदींवर उभी होती.