अल्पवयीनांचे मद्यपान आणि लोकसहभाग

मद्यबंदीसाठी प्रयत्न करणे हे अनुच्छेद ४७ ने राज्याचे कर्तव्य मानले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ अन्वये वैद्यकीय कारणाविना बालकास मद्य देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र विक्रेता वय विचारीत नाही, तोवर कलम कागदावरच राहते.

राजस्थानात १९७५ च्या नियमांनी देशी दारूचे दुकान बंद करविण्याचा अधिकार स्थानिक मतदारांना दिला. राजसमंद जिल्ह्यातील काछबली ग्रामपंचायतीने मार्च २०१६ मध्ये तो वापरला. पुढाकार अर्थातच महिलांचा. महाराष्ट्रातील ‘आडवी बाटली’ याच जातीची तरतूद होय.

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रासारख्या वसाहतीत हा मार्ग अपुरा पडतो. परगावाहून आलेल्या कामगारांची नावे पुष्कळदा मूळ गावाच्या मतदारयादीत असतात आणि ज्यांचे रक्षण करावयाचे, त्या मुलांना मताधिकारच नाही. तेथे शाळा, कारखानदार, कामगार संघटना, बचतगट, पोलीस व उत्पादन शुल्क विभाग यांची संयुक्त समितीच उपयोगी पडेल. घरच्यांसाठी बाटली आणावयास धाडलेला मुलगा दुकानातून रिकाम्या हाती परततो की नाही, हे तिने प्रथम पाहावे.