अंड्याच्या चिंध्या का होतात?

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवशी सकाळी टोस्टवर पोच्ड अंडं द्यायचं ठरवलं होतं. उकळत्या पाण्यात अंडं फोडलं, तर पातेलंभर पांढऱ्या चिंध्या तरंगायला लागल्या. मग व्हिनेगर घातलं, पाणी गरगर फिरवलं, तरी तेच. शेवटी सगळ्यांनी ऑम्लेट खाल्लं. माझं चुकलं कुठे?
– एक वाचक, कामठी

उत्तर : तुमचा हात फारसा चुकलेला नाही, चुकलं असेल ते अंड्याचं वय.

आधी नावाचा घोळ मिटवू. कामठीवरून जाणारी रेल्वे धरून थेट हावड्याला गेलात आणि तिथे ‘पोच’ मागितलंत, तर तव्यावरचं अंडं ताटात येईल. आपण त्याला हाफ फ्राय म्हणतो. तुम्हाला हवं आहे ते कवचाविना पाण्यात शिजवलेलं. फ्रेंचमधल्या पिशवी या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं, कारण पांढऱ्या भागाच्या पिशवीत बलक बसलेला असतो. तुमची ही पिशवीच उसवली.

अंड्याचा पांढरा भाग एकसारखा नसतो. बलकाभोवती एक दाट थर असतो आणि त्याच्या बाहेर पाण्यासारखा पातळ. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि दाट थरही सैल पडत जातो. उष्णतेत हे फार लवकर घडतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांकडे सरकत असताना, दुकानाच्या फळीवर चार दिवस बसलेलं अंडं खायला चांगलं असेलही. पाण्यात मात्र ते पसरणारच.

तपकिरी कवचाचं गावठी अंडं घेतलं की काम होतं, हा एक गैरसमज. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. इथे महत्त्व ताजेपणाला. अंडं पाण्यात सोडून पाहा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फार जुनं.

तरीही थोडा पातळ भाग प्रत्येक अंड्यात असतोच. तो आधीच काढून टाका. अंडं गाळणीत किंवा झाऱ्यावर फोडा; पातळ तेवढं गळून जाईल. उरलेलं अलगद वाटीत घ्या. निम्म्या चिंध्या इथेच मिटल्या.

आता पाणी. खळखळ उकळी हवी, हा दुसरा गैरसमज. पांढरा भाग 62 अंशांच्या आसपास गोठायला लागतो आणि बलक 70 च्या सुमारास घट्ट होतो. म्हणजे उकळीची गरजच नाही; उलट तिच्या धक्क्यांनी कोवळा पांढरा भाग फाटतो. तळाशी बारीक बुडबुडे दिसले की आच मंद करा, वाटी पाण्याला टेकवून अंडं सोडा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. उष्णता बाहेरून आत जाते, म्हणून तेवढ्या वेळात पांढरा भाग बसतो आणि बलक वाहता राहतो. लहान मुलं, गरोदर बाई किंवा फार वयस्कर माणूस पंगतीला असेल, तर बलकही घट्ट होऊ द्या.

व्हिनेगर खोटं नाही. आम्लामुळे पांढरा भाग लवकर गोठतो. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा पुरे. पण आधीच पातळ झालेलं त्याने दाट होत नाही. पाण्याचा भोवराही एका अंड्यापुरताच. दुसरं टाकलंत की दोघांची टक्कर.

शेवटी टोस्ट. अंडं झाऱ्याने उचलून स्वच्छ फडक्यावर क्षणभर निथळू द्या. ब्रेड कडक भाजून त्यावर काठापर्यंत लोणी फासा. स्निग्ध थर पाणी अडवतो, म्हणून टोस्ट लगेच भिजत नाही.

कामठी ही 1821 मध्ये वसलेली इंग्रजांची छावणी. टोस्ट-अंड्याचं गावाला नवल नसावं. पुढच्या वाढदिवसाला अंडी आदल्या दिवशी, ताजी आलेली बघून आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. घरातली जुनी टाकू नका. पांढरा भाग अल्कधर्मी झाला की त्याची पापुद्र्यावरची पकड सुटते, म्हणून उकडल्यावर तीच अंडी झटकन सोलली जातात. सकाळी टोस्टला ताजी, संध्याकाळी सावजी रश्श्याला जुनी.