भरीव तळपाटाच्या मधपेटीचे प्रवेशद्वार

औंढा नागनाथ परिसरातील माळरानावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी मधपेटीच्या तोंडाशी माश्यांचा घोस लोंबू लागला की आतील माश्या गुदमरत आहेत असा समज होतो, आणि पेटीस भोके पाडणे किंवा दार पुरते उघडणे हा उपाय सर्वांत आधी सुचतो. हेतू चांगला असला तरी हा उपाय अर्धाच बरोबर आहे. काही प्रसंगी तर त्याने वसाहतीचे नुकसानच होते.

ज्या पेटीचा तळपाट भरीव फळीचा असतो, तिच्यात शुद्ध हवा आत येण्याचा व कोंदट हवा बाहेर जाण्याचा मार्ग एकच असतो, तो म्हणजे प्रवेशद्वार. त्यातून हवा खेळविण्याचे काम कामकरी माश्या पंखांनी करतात. युरोपीय मेलिफेरा माशी दाराकडे तोंड करून, म्हणजे डोके पेटीकडे ठेवून, पंख हालविते व आतील हवा बाहेर ओढते. आपली सातेरी माशी याच्या उलट उभी राहते. तिचे डोके बाहेरच्या बाजूस असते व ती बाहेरील हवा आत ढकलते. संध्याकाळी पेटीच्या बाजूस घटकाभर शांत बसले असता हा फरक कोणासही डोळ्यांनी पाहता येतो. आग्या व फुलोरी या जाती उघड्यावर पोळे बांधणाऱ्या असल्याने त्यांचा येथे विचार करण्याचे कारण नाही.

पिलाव्याजवळचे तापमान माश्या 34 ते 35 अंशांवर राखतात. बाहेर 42 अंश उष्णता असताना केवळ हवा आत घेऊन 35 अंश कसे राखता येईल? नुसत्या हवेने पेटी अधिकच तापेल. थंडावा येतो तो पाण्यामुळे. माश्या पाणी आणून पोळ्यावर त्याचा पातळ थर पसरतात व त्यावर पंखांनी वारा घालतात. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. जर्मन संशोधक मार्टिन लिंडाउअर यांनी 1950 च्या दशकात इटलीतील लाव्हाच्या तापलेल्या खडकाळ जमिनीवर पेटी ठेवून पाहिले, तेव्हा पाणी मिळत असेपर्यंत माश्यांनी आतील उष्णता आटोक्यात ठेवली. म्हणून उन्हाळ्यात दाराच्या आधी सावली व पाणी यांची सोय पाहावी. सिद्धेश्वर धरणाच्या आसपासच्या गावांत पाणी माश्यांना सहज सापडते. वरच्या माळावर मात्र पेटीजवळ पसरट भांड्यात खडे टाकून रोज पाणी भरावे लागते. एक दिवस चुकले तरी चालेल असे समजू नये. सावलीसाठी तुराट्यांचा साधा मांडव पुरतो.

अनावश्यक मोठ्या दारातून उन्हाळ्याची कोरडी, तप्त हवा माश्यांच्या इच्छेविरुद्ध आत शिरते. पिलाव्यास ओलावा लागतो. फार कोरड्या हवेत अंडी उबत नाहीत. शिवाय मोठे दार राखण्यास पहारेकरी अधिक लागतात, आणि दुर्बल वसाहतीत मेणकिडा, मुंग्या व परक्या वसाहतीच्या लुटारू माश्या यांना वाट मोकळी होते. सातेरी माशी तर अशा त्रासाने पेटी सोडून निघूनच जाते.

जंगलातील मेलिफेरा माश्यांची घरटी थॉमस सीली व रॉजर मोर्स यांनी अमेरिकेत तपासली. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत बहुतेक घरट्यांचे दार 10 ते 40 चौरस सेंटिमीटर इतकेच व घरट्याच्या तळाशी आढळले. 37 सेंटिमीटर लांब व 2 सेंटिमीटर उंच असे पेटीचे पूर्ण उघडे दार 74 चौरस सेंटिमीटर होते. तेव्हा भरलेल्या मेलिफेरा वसाहतीसही एरवी 15 सेंटिमीटर लांबी पुरते. फुलोऱ्याच्या ऐन भरात, मधरसातील पाणी उडविण्याचे काम जोरात असताना, ते वाढवावे. सातेरीसाठी उंची 8 मिलिमीटर ठेवून तीन-चार चौकटींच्या वसाहतीस 3 सेंटिमीटर व भरलेल्या पेटीस 8 ते 10 सेंटिमीटर लांबी ठेवावी. लाकडी पट्टी सरकवून हा बदल क्षणात करता येतो. घोस लोंबत असेल तर प्रथम आतील जागा अपुरी आहे काय हे पाहावे.

पावसाळ्यात पेटी पुढील बाजूस किंचित उतरती ठेवावी, म्हणजे भरीव तळपाटावर पाणी साचत नाही. महाबळेश्वरसारख्या अतिवृष्टीच्या भागात दमटपणा ही मोठी अडचण असते. औंढ्यात ती थोड्याच आठवड्यांची आहे. दार लहान केल्यावर मात्र तळावरील मेलेल्या माश्या व मेणाचा चुरा दर आठ-दहा दिवसांनी झाडून काढणे आवश्यक आहे, नाहीतर तेवढी वाटही बुजते.

सर्वांत घातक चूक तुरीच्या फुलोऱ्यात होते. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी करावयाची म्हणून पेटीचे दार दिवसा फळीने बंद केले जाते. कोंडलेल्या माश्या खवळून दाराशी गर्दी करतात, त्यांच्या हालचालीने उष्णता वाढते व पाणी आणण्याची वाट बंद असते. मेण 62 ते 64 अंशांस वितळते, परंतु त्याच्या बरेच आधी नरम होऊन मधाने जड झालेले पोळे तुटून पडते. वसाहत विषाने मरू नये म्हणून केलेली ही व्यवस्था तिला उष्णतेने मारते.

फवारणीची सूचना आदल्या दिवशी मिळाल्यास पेट्या रात्री सुमारे 3 किलोमीटरपेक्षा दूर हलवाव्यात. ते शक्य नसेल तर फवारणी सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर करण्यास शेजाऱ्यास विनवावे. पेटी बंद करणे भागच पडले तर दारास फळीऐवजी तारेची जाळी लावावी, आतील झाकण काढून तेथेही जाळी ठोकावी, पेटी सावलीत ठेवून वर ओले गोणपाट टाकावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापण्यापूर्वी जाळी काढावी. ज्या औषधाचा अंश फुलांवर अनेक दिवस टिकतो, त्याच्यापुढे एका रात्रीची कोंडी निरुपयोगी आहे. तेथे पेट्या हलविणे हाच मार्ग उरतो. म्हणून शेजारी कोणते औषध वापरणार आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा सहाय्यक कृषी अधिकाऱ्याने फवारणीपूर्वीच विचारून ठेवावे.