पीडीएफचं चित्र दिसलं म्हणजे ती पीडीएफच असेल असं नाही

देहू, तळवडे, चाकण या पट्ट्यात जॉबवर्क करणाऱ्यांचा दिवस ईमेलनेच सुरू होतो. पीओ, ड्रॉइंग, चलन, सगळं फाइलमध्ये. आणि फाइल आपण ओळखतो कशावरून? तिच्यावरच्या छोट्या चित्रावरून, म्हणजे आयकॉनवरून.

हे चित्र येतं कुठून? फायरफॉक्स ब्राउझरच्या आत 'मॉझ-आयकॉन' नावाची एक सोय आहे. वेबसाइटचा पत्ता जसा 'एचटीटीपीएस'ने सुरू होतो, तसा हा पत्ता 'मॉझ-आयकॉन'ने. पुढे फाइलचं नाव आणि चित्राचा आकार, समजा 32. ब्राउझर कॉम्प्युटरला विचारतो, "या प्रकारचं चित्र दे." गंमत म्हणजे त्या नावाची फाइल नसली तरी चालतं! नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, डॉट पीडीएफ असलं की पीडीएफचं चित्र हजर. आत काय आहे, ते कोणी बघतच नाही.

विंडोजचंही साधारण असंच. पण डॉट ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम, आपलं चित्र सोबतच घेऊन येतो. बनवणाऱ्याने त्यात पीडीएफचं चित्र घातलं, तर तेच दिसणार. त्यात विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवतं. म्हणजे 'पीओ.पीडीएफ.ईएक्सई' तुम्हाला नुसतं 'पीओ.पीडीएफ' दिसतं. उलट, तुमच्याकडे कॅडचं सॉफ्टवेअर नसेल तर खरं डॉट डीडब्ल्यूजी ड्रॉइंग कोऱ्या पानासारखं दिसतं. खरा माणूस साध्या कपड्यात, भामटा सुटाबुटात!

आपल्यापैकी बहुतेकांकडे कॉम्प्युटर एकच. त्यावरच टॅली, त्यावरच नेट बँकिंग. डेटा लॉक झाला तर जीएसटीचे आकडे कुठून आणणार?

म्हणून आजच करा. विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, 'व्ह्यू', मग 'शो', आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक. विंडोज 10 मध्ये ही टिक 'व्ह्यू' टॅबमध्येच आहे. नावाच्या शेवटी ईएक्सई, एससीआर किंवा जेएस दिसलं तर उघडू नका. परचेसवाल्यांना फोन करा, आणि तो ईमेलमधल्या नंबरवर नाही, तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.

मोबाइलवर व्हॉट्सॲपने आलेली 'लग्नपत्रिका' डॉट एपीके असेल तर तीही त्याच जातीची. पत्रिकेला ॲप कशाला लागतं? पैसे गेलेच, तर लगेच 1930 लावा.