घरातल्या सक्युलंट कुंड्यांवरचा पिठ्या ढेकूण : आधी ओळखा, मग हात घाला



पाऊस लागला तशा अंगणातल्या कुंड्या ओसरीवर, हॉलमध्ये आल्या. आणि मला फोटो यायला लागले. जेडवर, कोरफडीवर, पानफुटीवर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय, काय मारू? आजचा मेसेज थोडा लांब आहे, पण वाचा. परवा एका सभासदांच्या घरी गेले तर दादांच्या हातात पंप, त्यात कपाशीचं उरलेलं प्रोफेनोफॉस, समोर हॉलमधल्या चार कुंड्या आणि आतल्या खोलीत नात झोपलेली. "मॅडम, चारच तर झाडं आहेत, अर्धं झाकण टाकलंय फक्त."

म्हणून आधी हे 👇

*शेतातलं कीटकनाशक घरात फवारायचं नाही.* अर्धं झाकणही नाही, खिडक्या उघडून पण नाही. शेतात वारा असतो, ऊन असतं. घरात तेच औषध पडद्यावर, गादीवर, फरशीवर बसतं आणि रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात उघड्या रानात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी गेले. बंद खोलीत काय होईल ते तुम्हीच बघा. काहींच्या घरात नुवानची जुनी बाटली अजून आहे. त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. ती कुंडीवर संपवू नका. चुकून कुणी फवारलंच आणि घरात कुणाला मळमळ, घाम, तोंडाला लाळ, धाप असं काही झालं तर त्याला मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरला नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतात.

आता कीड.

*खरंच कीड आहे का?*
इचेवेरियासारख्या काही सक्युलंटच्या पानांवर मुळातच पांढरट भुकटी असते, आपल्या द्राक्षमण्यावर लव असते तशी. ती सगळ्या पानावर सारखी पसरलेली असते. ती झाडाची स्वतःची आहे, पुसू नका, पुसली की त्या पानावर परत येत नाही. पिठ्या ढेकूण मात्र गाठीगाठीने बसतो, पान खोडाला चिकटतं त्या बेचक्यात, पानाच्या खाली, शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात. टूथपिकने दाबून बघा. पिवळट-नारिंगी पाणी निघालं तर कीड. पान चिकट लागतंय, कुंडीवर मुंग्यांची रांग आहे, तर बहुतेक नक्कीच. मुंग्या त्या चिकट गोड रसासाठी येतात आणि राखणही करतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय ढेकूण हटत नाही. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली तरी मुंगी चढत नाही. फक्त कुंडीचं बूड पाण्याला लागू देऊ नका आणि ताटलीतलं पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.

*मुळं बघितली का?*
इथे सगळे फसतात. पान स्वच्छ आहे, पाणी बरोबर आहे, तरी झाड सुकतंय, वाढच नाही. कुंडीतून झाड अलगद काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी बुरशीसारखी मेणचट पावडर दिसली तर तो मुळावरचा पिठ्या ढेकूण. पर्लाइटचे दाणे पण पांढरे असतात, पण ते दाबले की कुरकुरतात आणि मुळाला चिकटत नाहीत. वरून काहीही फवारा, हा मरत नाही.

*उपाय*
१) कीड दिसली की ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. नवीन आणलेलं झाडही निदान तीन आठवडे वेगळं ठेवा. घरात कीड बहुतेक वेळा नव्या कुंडीसोबतच येते.

२) पानावरच्या किडीला मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापसाच्या काडीने नेमकं किडीवर लावा, झाड भिजवू नका. जेलवालं सॅनिटायझर नको. हे पेट घेतं, त्यामुळे देवघराजवळ, गॅसजवळ नको, आणि झाड दिवसभर उन्हात ठेवू नका.

३) *एकदा पुसून काम होत नाही.* मादी कापसाच्या पिशवीत शेकड्याने अंडी घालते आणि अंड्याला स्पिरिट नीट पोचत नाही. दर सात दिवसांनी, असं चार वेळा. फोनमध्ये अलार्म लावा, मी पण लावते.

४) निंबोळी तेल चालेल, पण जपून. लिटरला २-३ मिली आणि शॅम्पूचे दोन थेंब. जेडला आणि पानफुटीला तेल-साबण सोसत नाही कधी कधी, म्हणून आधी एका पानावर लावा, दोन दिवस थांबा. संध्याकाळीच.

५) मुळावर असेल तर जुनी माती सगळी झटका, मुळं धुवा, कुजलेली कापा, झाड सावलीत ३-४ दिवस कोरडं ठेवा आणि नव्या कोरड्या मातीत लावा. आठवडाभर पाणी नाही. कुंडी परत वापरायची तर गरम पाण्याने घासा.

आणि ती जुनी माती, उपटलेलं झाड बांधावर टाकू नका. लिंबूवर्गीय झाडांवर जी पिठ्या ढेकणाची जात येते ती सक्युलंटवरही राहते, डाळिंब-सीताफळावरही. पिशवीत बांधून चार-पाच दिवस उन्हात तापवा, मग खोल पुरा.

बाकीच्या किडींचं थोडक्यात. तपकिरी टिकल्या खोडाला घट्ट चिकटल्यात, नखाने खरवडल्या की निघतात, ती खवले कीड. खरवडा आणि वरचाच स्पिरिटचा उपाय. पान मळकट, तांबूस आणि बारीक जाळी असेल तर लाल कोळी, तो पाण्याच्या धारेने धुवून निघतो. मातीवर चिलटं उडत असतील तर दोष पाण्याचा आहे, कुंडी पूर्ण सुकू द्या.

*शेडनेटमध्ये विक्रीसाठी सक्युलंट करणाऱ्या ताईंसाठी*
तुमच्याकडे घरापेक्षा एक फायदा आहे, क्रिप्टोलिमस. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला, पिठ्या ढेकूण हेच त्याचं जेवण. पण त्याची अळी पण पांढरी, झालरवाली, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते! डिप्लोमाला असताना मी स्वतः एका ट्रेवरच्या सगळ्या अळ्या "कीड" म्हणून पुसून काढल्या होत्या, सरांनी चांगलंच झापलं. ओळखायचं असं: आकाराने मोठी आणि हात लावला की भराभर पळते. पिठ्या ढेकूण जेमतेम सरकतो. पळणारी दिसली तर त्या ट्रेला स्पिरिट, तेल काहीच नको, तिला खाऊ द्या. गिऱ्हाइकाला ट्रे देण्याआधी मात्र दर ट्रेमधली दोन रोपं उपटून मुळं बघाच. एका ट्रेतल्या मुळावरच्या किडीने पूर्ण ऑर्डर परत येते.

शंका असेल तर फोटो पाठवा. लांबून नको, पानाच्या बेचक्याचा जवळून एक आणि कुंडीतून काढलेल्या मुळांचा एक. *औषध आणायच्या आधी पाठवा.* संध्याकाळी सहानंतर उत्तर देते.

– तुमची कृषी सल्लागार